आमच्या मुलांचे परदेशगमन

साहारचा विमानतळ अंधेरीच्या हद्दीत आहे, हे उपनगरवासीयांस सांगावयास नको. उतरावयास आलेली विमाने घाटकोपर आणि असल्फ्याच्या पत्र्यांवरून इतकी खाली येतात की पोरे त्यांची चाके मोजतात. ज्यांच्या डोक्यावरून ही विमाने रात्रंदिवस जातात त्या घरांत सुतार आहेत, गवंडी आहेत, लोहार, चांभार, शिंपी, परीट आहेत. गावी दीड-दोन एकर जिरायत आणि येथे दहा बाय बाराची खोली असा दुहेरी संसार ओढणारे कुणबी, आगरी, भंडारी, माळी आहेत. विमान कोठून आले आणि कोठे जाणार, हे विचारण्याचे कारण या घरांस आजवर पडले नव्हते. अलीकडे ते पडू लागले आहे. मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणते, ‘मला पुढे बाहेर शिकायचंय.’ बाहेर म्हणजे पुण्यास नव्हे, हे कळावयास आईबापांस एक रात्र लागते. म्हणून आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडचे एक मिस्त्री आपल्या थोरल्या मुलास घेऊन आमच्या कचेरीत आले. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. मुलगा अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. स्टेशनाजवळच्या, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका पेढीने त्यास इंग्लंडातील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणून दिले होते. शिक्षण एका वर्षाचे, खर्च सुमारे तीस लाख. तारणास गावचे घर व भातशेतीचा तुकडा आणि वर आईचे दागिने. कर्जाच्या कागदावर सही दुसऱ्या दिवशी करावयाची होती. मिस्त्री म्हणाले, ‘पोराला पाठवू का नको, एवढंच सांगा. बाकीचं माझं मी बघतो.’

घरात दोन पक्ष पडले होते. मोठ्या चुलत्यांचे म्हणणे असे की, अंथरूण पाहून पाय पसरावेत; परदेश हा आपल्यासारख्यांचा विषय नव्हे; पोराने ऐरोलीस नोकरी धरावी आणि बहिणीच्या लग्नाचे पाहावे. मामांचे म्हणणे असे की, त्या तुकड्यात पिकते काय? टाका गहाण आणि पाठवा. एक वर्ष तिकडे नोकरी केली की सारे फिटेल. आम्हास वाटते की आज शेकडो घरांत हेच दोन पक्ष भांडत आहेत. यास्तव दोघांचाही समाचार घेणे अवश्य आहे.

प्रथम चुलत्यांचे म्हणणे घेऊ. परदेश आपल्यासारख्यांचा विषय नव्हे, हे कोणी ठरविले? समुद्र ओलांडू नये हा नियम ज्यांच्यासाठी होता ते आम्ही नव्हेच. वेसाव्याच्या कोळ्यास समुद्र हेच शेत. त्यास समुद्रगमनाचे प्रायश्चित्त सांगावयास कोणी शास्त्री कधी कोळीवाड्यात आला नाही. मौज अशी की, ज्यांस शास्त्राने अडविले होते तेच सर्वांआधी आगबोटीत बसून बारिस्टर होऊन आले, आणि ज्यांस कोणीच अडविले नव्हते ते धक्क्यावर त्यांच्या पेट्या वाहत राहिले. अडथळा धर्माचा नव्हता. तो शाळेचा होता आणि पैशाचा होता. तो जेथे जेथे दूर झाला तेथे आमच्या माणसांनी काय केले ते पाहावे.

सन १९१३ च्या जुलैत परळच्या चाळीतून निघून एक तरुण न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यास महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले होते. त्या साडेअकरा पौंडांतून तो घरीही पैसे धाडीत असे. या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. त्यांनी तेथे अर्थशास्त्र अभ्यासिले, समाजशास्त्र अभ्यासिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या मते त्या प्रवासाचा खरा लाभ पदवीहून निराळा आहे. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पार पुसून टाकली होती. मग १९१७ साली ते करारापोटी नोकरीस बडोद्यात आले, आणि विद्वानास राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दुसरेच नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. अपमान त्यांस लहानपणीही सोसावा लागला होता. शाळेत बसावयास घरून तरट न्यावे लागे, पाणी वरून ओतले जाई. परंतु लहानपणचा अपमान हा जगाचा नियम वाटतो. बडोद्याचा अपमान नियम वाटला नाही. तो अन्याय वाटला, कारण मध्ये पाच वर्षे त्यांनी असे जग पाहिले होते की जेथे वर्गात कोणत्या बाकावर बसावे हे जातीवरून ठरत नव्हते. घर सोडून दूर गेलेल्या माणसास मोजावयास एक माप मिळते. त्याच मापाने तो परतल्यावर आपला गाव, आपली शाळा, आपले घरसुद्धा मोजू लागतो. हे माप पुस्तकातून मिळत नाही असे नाही, पण पुस्तकातले माप ऐकीव आणि हे अंगावरचे.

विठ्ठल रामजी शिंदे जमखिंडीचे, मराठा कुळातले. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करावयास गेले व १९०३ साली परत आले. तेथून शिकून आलेला मनुष्य व्याख्याने देत सुखाने राहता. शिंद्यांनी १९०६ च्या ऑक्टोबरात मुंबईत अस्पृश्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली आणि पहिली शाळा परळला उघडली. खुद्द सयाजीराव हे नाशकाकडील कवळाण्याच्या शेतकरी घरातले, दत्तक जाऊन राजे झालेले. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, तर १९१० साली तेथील विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपालच बडोद्यास बोलावून आणिला आणि गावोगाव वाचनालये उघडविली. पाहून येणे आणि पाहिलेले घरी लावणे, अशी ही रीत होती.

आणि कोणी म्हणेल, ही राजेमहाराजांची व थोरांची उदाहरणे झाली, तर त्यास आम्ही घाटकोपरच्या चिरागनगरात नेऊ. त्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे अनेक वर्षे राहिले. वाटेगावचा हा पोर आईबापांबरोबर पायी चालत मुंबईस आला. शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. कोळसे वेचले, गिरणीत राबला, हमाली केली. १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा स्टालिनग्राड डोळ्यांनी पाहण्याची कोणतीही शक्यता नव्हती. १९६१ साली ते रशियास गेले. ज्या भूमीवर अठरा वर्षांपूर्वी न पाहता पोवाडा रचला, तीवर चालून आले, आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. कोणत्या विद्यापीठाची पदवी आणिली नाही. आले ते पुन्हा चिरागनगरातच आले. आमच्या मते मराठीतील प्रवासवर्णनांत या लहानशा पुस्तकाचे स्थान निराळे आहे. परदेश पाहणारे बहुतेक लेखक दिवाणखान्यातून निघून दिवाणखान्यात परतत. हा मनुष्य झोपडीतून निघाला होता, आणि म्हणून तेथील मजूर कसा राहतो, काय खातो, यावर त्याची नजर आधी जाणे साहजिक होते.

२०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी वाङ्मयाच्या सरकारी ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा उभारला गेला. आम्हास त्याचा अभिमान वाटला. मात्र त्याच दिवशी मनात आले की, चिरागनगराचा पुतळा मॉस्कोस पोहोचला. चिरागनगराची पोर मॉस्कोच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही शहराच्या विद्यापीठात कधी पोहोचणार? पुतळ्यास व्हिसा लागत नाही.

असो. चुलत्यांस इतके उत्तर पुरे. आता मामांकडे वळू, कारण त्यांचे म्हणणे अधिक धोक्याचे आहे. ते गोड आहे.

जमीन गहाण टाकून पोरास विलायतेस धाडल्याचे उदाहरण आमच्याच इतिहासात आहे, आणि ते आम्ही लपविणार नाही. अमरावतीकडील पापळ गावच्या शामराव देशमुखांनी १९२० साली आपली शेती गहाण ठेवून मुलगा पंजाबराव यास इंग्लंडास पाठविले. पंजाबराव एडिंबरोस एम.ए. झाले, बारिस्टर झाले, ऑक्सफर्डास वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि १९२६ साली परत आले. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. तेव्हा मामा म्हणतील, पाहा, गहाणाचे सार्थक झाले!

झाले खरे. परंतु शामराव कोणत्या शिक्षणावर जमीन लावीत होते? एडिंबरो आणि ऑक्सफर्ड. त्यांस तो दरवाजा कोणत्या दुकानदाराने दाखविला नव्हता. मुलुंडच्या मिस्त्रींच्या कागदांत आम्ही जेव्हा डोके घातले तेव्हा प्रथम त्या विद्यापीठाचे नाव पाहिले. जगातील विद्यापीठांची जी क्रमवारी आपली सरकारे शिष्यवृत्तीसाठी प्रमाण धरतात, तीत ते पहिल्या दोनशेंत नव्हते, पहिल्या पाचशेंतही नव्हते. मग पेढीने तेच का सुचविले? मुलगा म्हणाला, ‘ते सल्ल्याचे पैसेच घेत नाहीत, फुकट करतात.’ बांधवांनो, फुकटाचा सल्ला कोठे मिळाला तर पैसे कोण देतो हे आधी विचारावे. इंग्लंडातील पुष्कळ विद्यापीठे परदेशी विद्यार्थी आणून देणाऱ्या अडत्यांस दलाली देतात. ही तेथे उघड चालणारी रीत आहे. बाजार समितीत आपला कांदा विकणाऱ्या अडत्याकडून पट्टी मागून घेणारा आमचा शेतकरी, आपल्या पोराचा सौदा होताना मात्र पट्टी मागत नाही!

आता कर्ज कसे फिटणार याचा हिशेब. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. खासगी सावकारी कंपन्या तारणावाचून देतात, पण व्याज चढे लावतात. हे सारे फेडावयाचे ते परदेशी नोकरीवर, असे मामा धरून चालतात. परंतु ती नोकरी देण्या-न देण्याचा अधिकार त्या त्या सरकारचा आहे आणि ते नियम वाऱ्यासारखे फिरतात. कानडाने २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी-परवान्यांवर संख्येची मर्यादा घातली. इंग्लंडात शिक्षण संपल्यावर राहून नोकरी शोधण्यास दोन वर्षांची सवड असे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती दीड वर्षावर आणण्याचे तेथील सरकारने २०२५ साली ठरविले. आमचे म्हणणे एवढेच की, दुसऱ्या देशाच्या गृहखात्याच्या मर्जीवर आपल्या भातशेतीचा सातबारा टांगू नये.

मग पैसा आणावा कोठून? आंबेडकरांचा पैसा बडोद्याच्या खजिन्यातून आला. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली की शिक्षण संपताच दहा वर्षे बडोद्याची चाकरी करीन. १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करावयास लंडनास पुन्हा गेले, तेव्हा स्वतःच्या प्राध्यापकीतील शिल्लक, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य अशी मोट बांधली. म्हणजे राज्याने द्यावयाचे, मित्रांनी द्यावयाचे आणि स्वतः कमवावयाचे. बापाचे घर त्यात कोठेच नव्हते. हाच मार्ग आम्हास पसंत आहे, आणि तो आज बंद नाही, अरुंद आहे.

केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींस, ६ भटक्या-विमुक्तांस, आणि भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर या दोघांस मिळून ४. पुन्हा वाचा: साऱ्या हिंदुस्थानातील भूमिहीन शेतमजूर आणि साऱ्या हिंदुस्थानातील सुतार, लोहार, कुंभार, विणकर मिळून चार! बैलगाडीत जेवढी माणसे बसतात त्याहूनही कमी. या चार जागांची माहिती तरी किती कारागीर घरांस आहे? मुलुंडच्या मिस्त्रींस नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या कचेरीतही दोघांसच होती.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस आहे. तिच्या जागा वर्षास ७५. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागासांसाठी २०१८ साली योजना निघाली तेव्हा जागा अवघ्या १० होत्या. ओरड झाली, त्या ५० झाल्या आणि मग ७५. मराठा-कुणबी मुलांसाठी ‘सारथी’मार्फत सयाजीराव महाराजांच्या नावाची योजना आहे. ओरड केल्याने जागा वाढतात, हे यातून ध्यानी घ्यावे.

परंतु जागा कागदावर असणे निराळे आणि पैसा हाती येणे निराळे. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या शिष्यवृत्तीस १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि त्यांपैकी प्रथम फक्त ४० जणांस पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांस सांगण्यात आले की पैसा उपलब्ध झाला तर पाहू. परदेशचे विद्यापीठ सप्टेंबरात उघडते. जुलैत ‘पाहू’ म्हणजे काय, हे ज्यांनी पेरणीच्या वेळी सोसायटीच्या कर्जाची वाट पाहिली आहे त्यांस सांगावयास नको.

आणखी एक अट २०२२ साली घातली गेली, तिच्याविषयी बोलल्यावाचून आम्हास राहवत नाही. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यास ही शिष्यवृत्ती मिळावयाची नाही. कारण असे सांगतात की, हे विषय घरीच उत्तम शिकता येतात. बरे! भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला तो न्यू यॉर्कमध्ये. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली मान्य झाला तो लंडनात. पंजाबरावांनी वेदांतील धर्माचा शोध घेतला तो ऑक्सफर्डात. त्या दिवशी बडोद्याच्या अधिकाऱ्याने, ‘जातीचा अभ्यास करावयाचा तर येथेच करा’ असे म्हटले असते, तर तो अभ्यास झाला असता काय? येथे त्यांस संस्कृतसुद्धा शिकू दिले नव्हते. एल्फिन्स्टन हायस्कुलात फार्सी घ्यावी लागली होती. घरातील धूर कोठून येतो हे पाहावयास कधी कधी अंगणात जावे लागते. कारागिराच्या मुलास वाटले की आपल्या बलुत्याचा, आपल्या जातपंचायतीचा, आपल्या बापाच्या मजुरीचा अभ्यास बाहेरच्या ग्रंथालयात बसून निर्भयपणे करावा, तर त्यास सरकारचा पैसा नाही. यंत्राचा अभ्यास करावयाचा असेल तर आहे. आम्ही यंत्रविद्येचे वैरी नव्हे. पण आमच्या मुलांनी यंत्रे चालवावी आणि आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहावा, ही वाटणी फार जुनी आहे.

येथवर पदवीधरांविषयी बोललो. कारागीर घरांस आणखी एक वाट आम्ही दाखवू इच्छितो, जी स्टेशनाजवळच्या पाट्यांवर क्वचित दिसते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसही शिकवणीची फी नाही किंवा नाममात्र आहे. काही प्रांत व काही विद्यापीठे ती घेतात, तेवढी आधी पाहावी. मात्र वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो अडकवून ठेवल्याचा दाखला लागतो, ही रक्कम लहान नव्हे. परंतु त्या देशातील दुसरी गोष्ट आम्हास अधिक मोलाची वाटते. तेथे सुतारकाम, वीजकाम, नळकाम, भट्टीकाम हे धंदे शिकणारा मुलगा आठवड्यातील काही दिवस शाळेत आणि काही दिवस कारखान्यात असतो, आणि शिकत असतानाच त्यास महिन्याचा पगार मिळतो. पुढे तो ‘माइस्टर’ची परीक्षा देतो, म्हणजे उस्ताद होतो. हा उस्ताद आणि महाविद्यालयाचा पदवीधर यांस तेथील सरकारी श्रेणीत एकच पायरी आहे. आपल्याकडे मिस्त्री कितीही कसबी असो, फ्लॅटचा मालक त्यास अरेतुरे करतो आणि चहा निराळ्या कपात देतो. परदेशाहून आमच्या मुलांनी जर काही आणावयाचे असेल तर ही पायरी आणावी. या वाटेस भाषा मात्र चांगली लागते. जर्मन शिकण्यात दीड-दोन वर्षे घालविण्याची तयारी हवी, आणि ‘भाषेवाचून नेतो’ असे म्हणणारा भेटला तर त्यास जिना दाखवावा.

मुलींचा विचार निराळा करावा लागू नये, पण लागतो. मुलासाठी गहाण टाकावयास निघालेला बाप मुलीसाठी फुकटची शिष्यवृत्तीही नको म्हणतो, असे आम्ही याच उपनगरात पाहिले आहे. केंद्राच्या शिष्यवृत्तीत शेकडा ३० जागा मुलींसाठी राखल्या आहेत. ज्या जोतिबांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावून मुलीचा अर्ज फाडणाऱ्यांस आम्ही काय म्हणावे?

आणि जाणाऱ्या मुलामुलींसही दोन शब्द. तिकडे गेल्यावर उपाहारगृहात बशा विसळाव्या लागल्या तर लाजू नका. आपल्या आईने चार घरची भांडी घासून तुम्हास शिकविले असेल, तर ते काम तुमचे घरचेच आहे. दुसरे, जात समुद्रात बुडते असे समजून निर्धास्त राहू नका. आंबेडकरांच्या वेळी तिकडे आपली माणसे थोडी होती. आज पुष्कळ आहेत, आणि पुष्कळ माणसे गेली की त्यांच्या वळकटीत जातही जाते. अमेरिकेतील सिएटल शहरास २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदास बंदी करणारा ठराव करावा लागला, तो उगाच नव्हे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला, तर ऑक्टोबरात तेथील गव्हर्नराने तो नामंजूर केला. तेव्हा आडनाव विचारून मग खोली देणारा देशबंधू तिकडेही भेटेल. त्याच्यापुरताच आपला मित्रपरिवार ठेवू नका. वेगळ्या वर्णाच्या, वेगळ्या भाषेच्या मुलांत मिसळा. केवळ मराठी मंडळात गणपतीच्या आरत्या म्हणून परत यावयाचे तर मुलुंड काय वाईट?

आमची सूचना अशी आहे. उपनगरांत आमच्या जातिजातींची मंडळे आहेत, भवने आहेत, दसऱ्यास गुणगौरव होतात, वह्या वाटल्या जातात, नारळ व शाल दिली जाते. त्या शालींचा खर्च एक वर्ष थांबवावा. त्या पैशातून प्रत्येक मंडळाने चार होतकरू मुलांची इंग्रजीच्या परीक्षेची फी भरावी. ती आज सतरा-अठरा हजार रुपये आहे आणि बहुतेकांची गाडी तेथेच अडते. शिष्यवृत्तीचे अर्ज सुटतात तेव्हा मुलाच्या हाती विनाअट प्रवेशपत्र असावे लागते, जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला असावा लागतो. हे सारे एक वर्ष आधी सुरू केले तरच जमते. तेव्हा रविवारी सकाळी भवनाचा एक कोपरा उघडा ठेवावा आणि जो पूर्वी जाऊन आला आहे त्याने तेथे बसावे. कोणत्याही एका जातीपुरता हा कोपरा ठेवू नये. भथेना पारशी होते, हे आठवावे.

मिस्त्रींचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. सही झाली नाही. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता. मग त्याने ऐरोलीस नोकरी धरली. रात्री अभ्यास करतो, आणि या खेपेस पहिल्या दोनशेंतील तीन विद्यापीठांची नावे स्वतः शोधून घेऊन आला होता. जातपडताळणीचा कागद अजून यावयाचा आहे. आईचे दागिने कपाटात आहेत. धाकटा आय.टी.आय.त सुतारकाम शिकतो. त्याच्यासाठी मिस्त्रींनी जर्मन शिकविणाऱ्या वर्गाची चौकशी केली. उठता उठता त्यांनी विचारले, ‘तिकडे रंधा ढकलून मारतात की ओढून?’ आम्हास ठाऊक नव्हते. ‘कुणी जाऊन आला तर विचारून ठेवा,’ म्हणाले, आणि पिशवी उचलून साडेसातची गाडी गाठावयास गेले.